भरतीरेषेच्या पलीकडे



कोकणात किनाऱ्यालगतच्या जमिनीचं खरेदीखत होतं तेव्हा चतुःसीमेत एका बाजूला ‘पश्चिमेस खाडी’ किंवा ‘पश्चिमेस समुद्र’ असं लिहिलेलं असतं. घेणाऱ्याच्या लेखी साऱ्या दस्तात मोलाचे तेवढेच दोन शब्द. पुष्कळदा किंमतही त्यांचीच मोजलेली असते. पुढे घर उभं राहतं, एखादी होडी येते, पाहुणे येऊ लागतात, आणि मग मनात येतं की कुंपणापुढे पाण्यात खांब रोवून एक लहानशी जेट्टी काढावी. “परवानगी कुठे मिळते?” हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या कामामुळे तो माझ्याकडे बरेचदा आला आहे, आणि प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगत आलो आहे: तुमची जेट्टी तुमच्या जमिनीत होणारच नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचं विसावं कलम वाचून पाहा. रस्ते, नद्या, नाले, तलाव यांच्याबरोबरच भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ शासनाच्या मालकीचा आहे, असं ते कलम सांगतं. सातबारा भरतीरेषेपाशी थांबतो. पुढचा चिखल, त्यावर चढणारं पाणी, त्यातली कालवं आणि कोळंबी यांना गट नंबर नाही. म्हणजे जेट्टीचा अर्ज करणारा माणूस सगळ्यांच्या जागेत पाऊल ठेवण्याची परवानगी मागत असतो. हे मनात नीट बसलं की पुढचे सगळे कागद समजतात. नाही बसलं, तर प्रत्येक कागद छळ वाटतो.

आज मी त्या कागदांबद्दल बोलणार आहे, पण माझं म्हणणं कागदांपुरतं नाही. ज्या पाण्यात जेट्टी उभी राहायची, त्या पाण्यावर आज कोण जगतं, हा प्रश्न आपल्या परवानगीच्या व्यवस्थेत अगदी शेवटी विचारला जातो, आणि कितीदा तर विचारलाच जात नाही. तो सगळ्यात आधी विचारला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्यात तशी जागा आहे, ती आपण वापरत नाही.

किनारा सगळ्यांचा, हे आज आपण सहज म्हणतो. मुंबईत मात्र ते मोठ्या व्यवहारानंतर ठरलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बोटीतून उतरायचं ते बहुतेक खासगी धक्क्यांवर. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे लोकांचे भाऊ रसूल, यांनी बांधलेल्या धक्क्याचं नाव आजही आपल्या तोंडी आहे. आज ज्याला आपण भाऊचा धक्का म्हणतो ती मूळची जागा नव्हे. भराव पुढे सरकत गेला तसा धक्का सरकला आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. भाऊंमुळे उतारूंची सोय झाली, याबद्दल शहराने त्यांचं नाव जपलं हे योग्यच झालं. पण शहर वाढलं, कापसाचा व्यापार वाढला, आणि पूर्व किनारा तुकड्यातुकड्याने खासगी हातांत जात राहिला. त्यांत सर्वांत मोठी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. समुद्रात भराव घालायचा, बंदर उभारायचं आणि त्या बदल्यात भरावाची जमीन मिळवायची, असा तिचा धंदा. १८६५ साली शेअरांचा बाजार कोसळला, आणि त्यानंतरच्या काळात सरकारला एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. सगळ्या बंदराचा व्यापार एका कंपनीच्या दरांवर अवलंबून राहणार होता. ज्याचा धक्का त्याचा व्यापार. शेवटी सरकारने कंपनीची मालमत्ता पैसे मोजून विकत घेतली आणि १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५ साली खासगी पैशातून उभा राहिला, तोही चारच वर्षांत ट्रस्टकडे आला.

त्याच १८७३ साली पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला शिकागोत असंच काही घडत होतं. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ साली मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून अधिक तळ, तोही ऐन शहरापुढचा, इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. १८७३ साली विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. कंपनी भांडत राहिली आणि १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा तळ राज्याकडे आहे तो लोकांचा विश्वस्त म्हणून. लोकांना पाण्यावर ये-जा करता यावी, व्यापार करता यावा, मासे पकडता यावेत म्हणून. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. मुंबई आणि शिकागो या दोन बंदरांची माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, त्यांची सरकारंही वेगळ्या जातीची होती, एक तर परकीय सरकार होतं. तरी एकाच वर्षी दोन्ही शहरांनी पाण्याची कड परत घेतली. मला हा योगायोग फार महत्त्वाचा वाटतो. धक्के ज्याच्या हातात, त्याच्या हातात शहर, हे दोघांनाही अनुभवाने कळलं होतं.

शिकागोचा तो निकाल आपल्याकडे यायला शंभर वर्षं लागली. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका मोटेलने वनजमीन घेतली आणि स्वतःचं आवार वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवण्याचं काम केलं. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की समुद्र, समुद्रकिनारा, वाहतं पाणी, वनं यांचं राज्य हे विश्वस्त आहे, आणि ही सार्वजनिक विश्वस्ततेची कल्पना आपल्या कायद्याचा भाग आहे. तेव्हापासून खाडीकाठच्या पाच खांबांच्या जेट्टीचा अर्जसुद्धा याच चौकटीत मोडतो. अधिकारी सही करतो तेव्हा तो सरकारची वस्तू देत नसतो. लोकांच्या ठेवीतला एक तुकडा काही काळासाठी, काही अटींवर वापरू देत असतो.

आता कागद.

किनाऱ्याच्या नियमांची सुरुवात एका पत्राने झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा. पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने दिलं, ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघाली. पुढे २०११ ची आणि २०१९ ची अधिसूचना आली. तिन्ही सीआरझेड या एकाच नावाने ओळखल्या जातात. आकडे आणि पट्टे बदलत गेले, तपशील सैल झाले, काही ठिकाणी मला वाटतं फारच सैल झाले. पण जेट्टीच्या बाबतीत मूळ कसोटी तीच राहिली आहे. ज्या कामाचं पाण्यावाचून चालत नाही, त्यालाच पाण्यात जागा. बंदर, धक्का, जेट्टी, दीपस्तंभ, धूप रोखणारी बांधकामं ही त्या कसोटीत बसतात. सूर्यास्त बघण्याचा कठडा, चहाचं टेबल, लग्नाचा मंडप ही बसत नाहीत. अलिबागच्या बाजूला किंवा दापोली-गुहागरच्या पट्ट्यात जेट्टीच्या नावाखाली पाण्यात लाकडी गच्ची काढायची इच्छा मी अनेकांच्या बोलण्यात ऐकली आहे. त्यांना मी हीच कसोटी सांगतो: होडी नसली तर हे बांधकाम लागेल का? लागेल असं उत्तर असेल, तर ती जेट्टी नाही.

अर्जाची वाट साधारण अशी जाते. आधी भूमी अभिलेखाकडून मोजणी. मग भरतीची रेषा. ती शेजाऱ्याच्या आठवणीने ठरत नाही. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा, अशी तिची व्याख्या आहे, आणि ती आखण्याचं काम केंद्राने ठरवून दिलेल्या संस्थांचंच. चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र, तिथलंच अण्णा विद्यापीठ, अशा काही संस्था. त्यांनी चार हजारास एक या प्रमाणात नकाशा काढायचा, त्यावर जेट्टीचा आराखडा ठेवायचा. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड १९९६ च्या कायद्याने झालं. लहान बंदरं आणि खाड्यांतली जलवाहतूक त्याच्याकडे, म्हणून त्याची मंजुरी. खाडीचा तळ शासनाचा, म्हणून जागेसाठी जिल्हाधिकारी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दाखला. गडकिल्ल्याजवळ असाल तर पुरातत्त्व खातं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण. हे सगळं घेऊन प्रस्ताव राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. कामाच्या प्रकाराप्रमाणे ते स्वतः निर्णय देतं किंवा केंद्राकडे शिफारस करतं. वाशिष्ठी-दाभोळ, शास्त्री-जयगड, सावित्री-बाणकोट, कुंडलिका-रेवदंडा यांसारख्या खाड्या २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाल्या आहेत, तिथे आणखी एक दार ठोठावावं लागतं.

याच वाटेवर पोलीस आणि सीमाशुल्क या दोन खात्यांचंही नाव निघालं की अर्जदार वैतागतो. त्याला मी शेखाडीची आठवण करून देतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या त्या लहानशा किनाऱ्यावर उतरवलं गेलं होतं. किनाऱ्यावरचा प्रत्येक धक्का देशाचं एक दार आहे, आणि दार काढताना घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे.

कांदळवनाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण खाडीतल्या जेट्ट्यांचे बहुतेक अर्ज तिथेच अडतात आणि अडले पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवरचा हा निकाल. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं न्यायालयाने म्हटलं. कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायचा, आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तिवरं तोडायची असतील तरी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची. सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा! मग स्वतःच्या होडीसाठी तिवरं तोडू पाहणाऱ्याला तिथे काय जागा असणार? तरी लोक विचारतात, “दोन-चार झाडंच आहेत, रात्रीतून काढली तर?” दोन-चार झाडांच्या मुळांनी तिथला काठ धरून ठेवलेला असतो. ती गेली की पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत विचारणाऱ्याचीच जमीन खचते. हा कायद्याचा धाक नाही, खाडीच्या काठी राहणारा कोणीही म्हातारा हेच सांगेल.

खाडी कशी वागते हे न समजता केलेलं बांधकाम टिकत नाही. ही गोष्ट परवानगीच्या फायलीत तांत्रिक अहवाल म्हणून शेवटी जोडली जाते, पण खरी सुरुवात तिथून आहे. भरतीबरोबर खाडीत वर गाळ येतो, सुकतीबरोबर पुष्कळसा परत जातो. हे येणं-जाणं चालू आहे तोवर खाडी जिवंत. दगडांचा भरीव बांध पाण्यात घातला की त्याच्या आडोशाला पाणी मंदावतं आणि मंद पाणी गाळ सोडतं. काही वर्षांत धक्क्यापुढे होडीऐवजी चिखल. समुद्राच्या उघड्या किनाऱ्यावर दुसरी गत होते: लाटांबरोबर किनाऱ्याच्या कडेने वाहणारी वाळू बांधापाशी एका बाजूला साठते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहून खचू लागतो. शेजारच्या वाडीचा माड समुद्रात जातो तो कधी कधी आपल्या धक्क्यामुळे. खांबांवर उभी केलेली जेट्टी पाण्याला आणि वाळूला वाट देते, म्हणून ती बरी. त्याहून लहान गरजेला तरंगता धक्का बरा. भरतीबरोबर तो वर येतो, सुकतीबरोबर खाली जातो. आपल्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळपास वर-खाली होतं, दक्षिणेकडे मालवणपर्यंत जाताना हा फरक कमी होत जातो. मुंबईचा आराखडा जशाच्या तसा मालवणात घातला, किंवा उलट, तर काय होईल ते सांगायला नको. मोठ्या बंदरांच्या कामांचे नमुने पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात पाण्यात उभे करून तपासले जातात. ती संस्था १९१६ पासून आहे. लहान जेट्टीला तेवढी तपासणी कोणी मागत नाही. पण खाडीच्या त्या वळणावर गाळ कुठे बसतो, कुठे ओढ आहे, हे तिथल्या तर चालवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला विचारायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

मी जेट्टीच्या विरोधात बोलतो आहे असं कुणाला वाटू नये. पन्नाशी ओलांडलेल्यांना कोकण बोट आठवत असेल. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती तरी बंदरांत बोट बाहेरच उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या हेलकावत काठाला यायच्या. म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला उचलून उतरवलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना धक्का म्हणजे काय हे सांगायला नको. हर्णैचा मासळीचा लिलाव सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तिथे मासळी होड्यांवरून काठावर आणायला उथळ पाण्यात बैलगाड्या घातल्या जातात. बाहेरून येणाऱ्यांना ते दृश्य म्हणून आवडतं, फोटो काढतात. तिथल्या मच्छीमारांना नीट बंदर हवं होतं आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं मागितलं. माझं दुःख हे आहे की किनाऱ्यावर सर्वांत जास्त काळ राहिलेल्या माणसांची मागणी थांबून राहते, आणि काल जमीन घेतलेल्याला सल्लागार मिळतो, नकाशा मिळतो, फाईल पुढे नेणारी माणसं मिळतात. कायदा दोघांना एकच आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायचा खर्च एक नाही.

आणि काल जमीन घेतलेल्याला समोरच्या पाण्यात काय चाललं आहे, ते दिसतही नाही, याचा मी त्याला दोष देत नाही. भरतीला पाणी रिकामं दिसतं. ओहोटीला जाऊन बघा. उधाणाच्या ओहोटीला खाली उतरलेल्या खडकांवर बाया कालवं फोडत असतात, चिखलात हात घालून तिसऱ्या काढत असतात. तो दोन-तीन तासांचा कामाचा दिवस पाण्याच्या वेळेनुसार ठरतो, आणि त्यातून घराचं मीठ-मिरची चालतं. त्याच चिखलात जेट्टीचे खांब उतरायचे असतात. उत्तरेकडे सातपाटी-वसईच्या बाजूला डोलीच्या जाळ्यांना ओढीचं पाणी लागतं. खुंट एका जागी रोवून पिढ्यान् पिढ्या ती जागा त्या त्या घराची मानली जाते, कागद कसलाही नसतो. सिंधुदुर्गात रापण ओढायला लांबलचक मोकळा किनारा लागतो. जाळं पाण्यात अर्धवर्तुळ करून टाकतात आणि दोन्ही टोकं माणसांच्या रांगा काठावर ओढत आणतात. त्या पट्ट्याच्या मधोमध एक लहानशी, सुबक, सगळ्या परवानग्या घेतलेली जेट्टी उभी राहिली, की रापण संपली. कुणाचा वाईट हेतू नाही, कुठला नियम मोडला नाही, आणि एका गावाचा धंदा गेला.

आता एक गोष्ट सांगतो जी फार थोड्यांना माहीत असते. सीआरझेडच्या अधिसूचनेत किनारा व्यवस्थापनाचे नकाशे कसे करायचे ते सांगितलेलं आहे. त्यात म्हटलं आहे की मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामाईक वापराच्या जागा, मासळी उतरवण्याच्या जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा हे सगळं नकाशावर दाखवायचं. म्हणजे कायद्याने या माणसांचा वापर लिहून ठेवण्याची सोय केली आहे. पण बहुतेकांच्या पाहण्यात येतात ते पंचवीस हजारास एक प्रमाणाचे नकाशे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. पन्नास मीटरची जेट्टी दोन मिलिमीटरची रेघ होते, आणि वाळवणीची जागा, डोलीचे खुंट, होड्या ओढून ठेवायची वाळू यांना रेघसुद्धा मिळत नाही. किनारा आराखडे प्रसिद्ध झाले तेव्हा मच्छीमार संघटनांनी कोळीवाडे नीट दाखवले नाहीत अशा हरकती घेतल्या. त्या रास्त होत्या. कारण नकाशावर जागा रिकामी दिसली, की पुढचा प्रत्येक अधिकारी प्रामाणिकपणेच ‘हरकत नाही’ असं लिहितो. लहान प्रवासी जेट्टी सहसा पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या यादीत बसत नाही, त्यामुळे त्या यादीबरोबर येणारी जनसुनावणीही होत नाही. गावाला कळतं ते पाइलिंगचं यंत्र आल्यावर.

मुंबईतल्या रेडिओ क्लबजवळच्या जेट्टीचा वाद तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी जेट्टी आणि टर्मिनलचा प्रकल्प, आणि त्याला कुलाब्याच्या रहिवाशांचा विरोध. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये प्रकल्पाला संमती दिली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. निकालापेक्षा मला त्यातल्या अटी बोलक्या वाटतात. प्रेक्षागारासारखी जी जागा आराखड्यात होती ती प्रवाशांनी बसून वाट पाहण्यापुरती वापरायची, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी नाही. उपाहारगृहात बसून जेवायची सोय नाही, पाकीटबंद खाद्यपदार्थ आणि पाणी तेवढं. म्हणजे न्यायालयाने जेट्टीला जेट्टीच राहायला सांगितलं. मी मघाशी सांगितलेली कसोटी तीच: पाण्यावाचून चालत नाही तेवढंच पाण्यात. मला वाटतं या अटी अर्जाच्या पहिल्याच पानावर यायला हव्या होत्या, त्या मिळवायला कुणाला न्यायालयात जावं लागू नये. तरी रहिवाशांनी तो त्रास घेतला म्हणून आज प्रत्येक गावाला दाखवायला एक उदाहरण झालं, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. कुलाब्याच्या रहिवाशांना वकील करणं परवडलं. दाभोळच्या खाडीतल्या वाडीला ते परवडणार नाही, आणि तिथे वर्तमानपत्राचा वार्ताहरही येणार नाही.

एका कार्यालयाचा शिक्का पुरतो, या समजुतीने काय होतं ते केरळात दिसलं. कोचीजवळ मरडू इथे ग्रामपंचायतीने बांधकाम परवाने दिले, किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. वेंबनाडच्या पाण्याकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या, साडेतीनशेच्या आसपास घरं झाली, कुटुंबं राहायला आली. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या आणि जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत स्फोटांनी त्या जमीनदोस्त झाल्या. घर घेणाऱ्यांतल्या पुष्कळांनी आपले परवाने खरे आहेत एवढंच पाहिलं होतं, आणि ते खरेच होते. ते देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला एकट्याला नव्हता. आपल्याकडे ‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे’ असं सांगून जमिनी विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

मग गावाने करायचं काय? एक जागा आहे, ती वापरली जात नाही असं मी सुरुवातीला म्हणालो ते याबद्दल. अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे, आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत. तीन माणसं. आपल्या जिल्ह्यात ती कोण आहेत, हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? त्यांची नावं जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. सांगितली नाहीत तर माहितीच्या अधिकारात मागा, शेवटच्या बैठकीच्या इतिवृत्तासह. मला विचाराल तर त्या तिघांत एक बाई असावी, ओहोटीला कालवं काढणारी, कारण नकाशावर जो चिखल कोरा दिसतो त्यातली जागा न् जागा तिला माहीत आहे. दुसरा माणूस जाळ्याचा असावा, डोलीचा किंवा रापणीचा, त्या जिल्ह्यात जे चालत असेल त्याचा. तिसरा तर किंवा लाँच चालवणारा, ज्याला गाळ आणि ओढ कळते, आणि ज्याला नव्या जेट्टीची गरजही सगळ्यांत जास्त कळते. ही माणसं प्रत्येक अर्जाला नाही म्हणतील असं मुळीच नाही. तीस पावलं उत्तरेला घ्या, खांबांमधलं अंतर वाढवा, भादव्यात काम काढू नका, गावाच्या होडीलाही इथे लागू द्या, अशा गोष्टी ती सांगतील, आणि बहुतेक अर्जदार त्या आनंदाने मान्य करतील असा माझा अनुभव आहे. ज्याला खरोखर होडी लावायची आहे त्याला जागा थोडी सरकली तर काही बिघडत नाही.

आणि ही माणसं समितीत बसायच्या आधी गावाने आपला नकाशा स्वतः काढावा. गावनकाशा मिळतो, तो घ्या. एखाद्या उधाणाच्या ओहोटीला सगळ्यांनी मिळून खाली उतरा आणि वाळवणी, खुंट, कालवांचे खडक, होड्या ओढायची वाट, तरीची जागा त्यावर नावांसकट लिहा. शाळेतली मुलं हे काम मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करतील, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश त्यांना लगेच काढता येतात. ग्रामसभेत त्यावर ठराव करा, ठरावाची प्रत जिल्हा समितीला, मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला आणि किनारा प्राधिकरणाला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. पुढच्या वेळी किनारा आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा हाच नकाशा हरकत म्हणून जोडता येईल, आणि खाडीत खांब रोवायची फाईल जेव्हा कुणाच्या टेबलावर येईल तेव्हा समोरची जागा कोरी नाही, हे त्या टेबलावर आधीच लिहिलेलं असेल.